तुमचं घर चुकलंय

सोमवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला आमच्या ऑफिसात कुणी पाहुणा आला असता तर त्याला वाटलं असतं, आपण दुरुस्तीच्या दुकानात शिरलो. सर्व्हर रूमच्या बाहेरच्या बाकावर चार-पाच जण रांगेनं बसलेले असायचे. चांगले शिकलेसवरलेले, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले, आणि प्रत्येकाच्या मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत घरचा इंटरनेटचा राउटर. दारावर पाटी होती : 'आत येण्याचे कारण बाहेर सांगावे.' ती सबनीसांनी स्वतः लिहिली होती, स्वतः लॅमिनेट करून आणली होती आणि चारही कोपऱ्यांना स्क्रू मारून बसवली होती. चिकटपट्टीनं लावलेली गोष्ट तात्पुरती असते असं त्यांचं मत होतं.

सबनीस म्हणजे आमचे नेटवर्कचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काढली. त्यांनी कंपनी सोडली त्यालाही आता बराच काळ लोटला. त्यांच्याविषयी चांगलं बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही आणि ते काम मी करावं असंही मला वाटत नाही. पण कुठंही कुणाचं कनेक्शन अडकलं की मला पहिली आठवण होते ती त्यांचीच, आणि मग दिवसभर चैन पडत नाही.

पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, त्यावर बायकोनं विणलेला बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर. सर्व्हर रूम कायम गार असायची, त्यामुळे एप्रिलमध्ये सगळं पुणं भाजून निघत असतानाही हा माणूस स्वेटर घालून हिंडायचा. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल, आणि त्यांच्या मधोमध सहा इंची स्टीलची पट्टी. चहा अर्धा कप, तोही बशीशिवाय. कुणाच्या वाढदिवसाचा केक समोर आला तर, "वाढदिवस घरी करावेत," म्हणायचे आणि पुढे जायचे. आवाज कधी चढला नाही. कनिष्ठांना, अगदी शिपायालासुद्धा, अहो-जाहो करायचे. एवढ्या अदबीनं माणसाचा अपमान करणारा दुसरा कुणी मी पाहिलेला नाही.

आमची कंपनी परदेशातल्या एका दुकानांच्या साखळीचं सॉफ्टवेअर सांभाळायची. कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत, खाली औषधांचं दुकान आणि वर आमचे दोन मजले. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र, त्यामुळे लोकांना घरून काम करता यायला हवं, असं आमच्या एमडींच्या मनात आलं. पुण्यात घरोघरी ब्रॉडबँड येऊ लागलं होतंच. तेव्हा व्हीपीएन घ्यायचं ठरलं. व्हीपीएन म्हणजे साध्या भाषेत, घरापासून ऑफिसपर्यंत इंटरनेटच्या पोटातून काढलेली खासगी वाट. त्या वाटेवर बाहेरच्याला पाऊल टाकता येत नाही, आणि आपण घरात बसून ऑफिसातल्या मशीनवर काम करतो.

ते निवडण्याचं काम सबनीसांकडे आलं. तीन कंपन्यांचे विक्रेते आले. पहिला टाय लावून आला होता आणि अर्धा तास स्लाइड दाखवत बोलला. सबनीसांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कनेक्शन मधेच तुटलं तर तुमचं यंत्र काय करतं?"

"सर, आमचं तुटतच नाही."

"बरं. मग आपण निघा."

त्या माणसाला ती थट्टा वाटली, म्हणून तो हसला. सबनीसांनी उठून त्याच्यासाठी दार उघडून धरलं. दुसऱ्यानं याच प्रश्नावर "विचारून सांगतो" म्हटलं, तर "विचारूनच यायचं होतं" असं उत्तर मिळालं. तिसरा एक घामेजलेला, हातात हेल्मेट घेतलेला मनुष्य होता. तो म्हणाला, "तुटतं साहेब. मग परत जोडायला चाळीस सेकंद लागतात. कधी मिनिट." सबनीसांनी त्याचं यंत्र घेतलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याच्या हातात दाराची किल्ली देऊ नये, एवढं लक्षात ठेव." मला ते अरे-तुरे करायचे, ऑफिसात एकट्या मला. तो मी बहुमान समजत होतो. त्यांनी मला शिकवलंही पुष्कळ. दोष शोधायचा तो जवळून लांब जात शोधायचा, आधी स्वतःची वायर बघायची, मग भिंत, मग बाहेरचं जग, ही त्यांचीच शिकवण.

यंत्र बसलं, सगळं सुरळीत झालं आणि पहिल्याच आठवड्यात भानगड उभी राहिली. घरून लोक जोडले जात होते, स्क्रीनवरचा हिरवा दिवा लागत होता, पण ऑफिसचा सर्व्हर काही उघडत नव्हता. दोन दिवस डोकं खपवल्यावर कारण सापडलं. राउटर कारखान्यातून निघतो तेव्हा त्यात एक ठरलेली नंबरांची मालिका भरलेली असते. बहुतेक घरांत तीच. आणि कंपनी सहा मशीनची होती तेव्हा सबनीसांनी ऑफिसलाही तीच मालिका दिली होती, बदलायची तसदी न घेता. एकाच गल्लीत दोन 'गणेश अपार्टमेंट' असली की पोस्टमन जवळच्यात पत्र टाकून मोकळा होतो. तसा घरचा लॅपटॉप ऑफिसचा निरोप घरातल्या घरात फिरवत बसायचा.

चूक साधी होती आणि सबनीसांची होती. ऑफिसचे नंबर बदलायला एक शनिवार-रविवार लागला असता. पण त्यासाठी एमडींना जाऊन सांगावं लागलं असतं की माझं चुकलं. सबनीसांनी दुसरा मार्ग काढला. त्यांनी फतवा काढला की ज्याला घरून काम करायचंय त्यानं घरचा राउटर ऑफिसात आणावा, त्याला नवा नंबर मिळेल. पहिला जो तक्रार घेऊन आला, त्याला ते शांतपणे म्हणाले, "ऑफिस बरोबर आहे. तुमचं घर चुकलंय."

पुढे हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकलं.

राउटरची वेळ रोज साडेअकरा ते बारा. अकरा पस्तीसला आलेल्यानं आधी आलेल्यांच्या मागे थांबायचं, अकरा पंचविसाला आलेल्यानं बाकावर. टाचणी मागच्या छिद्रात खुपसून ते राउटर कोरा करायचे, नवा नंबर भरायचे आणि वर गोल पांढरा स्टिकर चिकटवायचे. एक नंबर ऑफिसचा, दोन नंबर त्यांच्या स्वतःच्या घरचा, आणि पुढे येईल तसा. फोनवर सांगून हे काम होण्यासारखं होतं. पण "फोनवर सांगितलेलं काम अर्धं होतं," म्हणून राउटर हजर करावाच लागे. नाव, पत्ता, नंबर एका लांबलचक रजिस्टरमध्ये. कुणी नोकरी सोडली तर त्यानं राउटर पुन्हा आणायचा, स्टिकर काढून घ्यायचा, आणि मग त्याच्या नावावर सबनीस लाल पेनानं, पट्टी धरून, एक सरळ रेघ मारायचे. ज्याला काढून टाकायचं असेल त्याची वाट तर त्याला कळण्याच्या आधीच बंद व्हायची. "आधी दार लावायचं, मग निरोप द्यायचा," हा त्यांचा नियम. कित्येकांना आपली नोकरी गेल्याचं घरी बसून, हिरवा दिवा लागत नाही यावरून कळलं.

हळूहळू ते माणसांनाही नंबरानं हाक मारू लागले. "चौदा नंबर, आत या. तेहेतीस, तुम्ही बसा." मी एकवीस. आमचं घर वारज्याला. जमीन गेली, तिथं चार मजले उभे राहिले आणि वरच्या मजल्यावर आम्ही. मी राउटर परत नेऊन लावला तेव्हा वडिलांनी तो स्टिकर निरखून पाहिला आणि विचारलं, "ह्यो एकवीस कशाचा?"

"ऑफिसनं दिलाय. आपल्या घराचा नंबर."

"आपल्या घराला नंबर पालिकेनं दिलेला हाय. ह्यो सबनीस कोन लागून गेला?"

मी वडिलांना हसलो होतो.

सबनीसांचा दबदबा वाढला तो एका बंदच्या दिवशी. रस्त्यावर टायर जळत होते, एकही माणूस ऑफिसला पोचू शकत नव्हता, आणि तिकडे परदेशी दुकानांत सणाची गर्दी. त्या दिवशी साठ घरांतून साठ माणसं वाटेनं आत आली आणि काम एक मिनिट थांबलं नाही. सबनीस मात्र स्वतः पहाटे चालत ऑफिसला गेले होते आणि स्वेटर घालून सर्व्हर रूममध्ये एकटे बसले होते. दुसऱ्या दिवशी एमडींनी सगळ्यांसमोर त्यांचा हात हातात घेतला. सबनीस म्हणाले, "लोकांची घरं सरळ केली, त्याचा परिणाम." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

अश्विनी वानखेडे आमच्याकडे आली ती त्यानंतर. वाशीमकडच्या एका गावची, वडील शाळेत शिपाई. आमच्याकडे तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर होती आणि कामाला इतकी पक्की की तिनं तपासलेल्या प्रोग्रॅममधे पुन्हा चूक निघत नसे. आई नव्हती, भाऊ नव्हता. नोकरी पक्की झाली की वडिलांना पुण्याला आणायचं, हे ती जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगायची. दोन महिने झाले असतील, आणि वडिलांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात हलवलं. मॅनेजरनं तिला पंधरा दिवस अकोल्याहून काम करायची परवानगी दिली, मात्र रोजचं काम रोज पोचलं पाहिजे या अटीवर. नाही पोचलं तर प्रोबेशन तिथंच संपलं, हे त्यानं स्पष्ट सांगितलं होतं.

ती मामांच्या घरी उतरली. दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर, घरात इंटरनेट होतं. पहिल्या दिवशी सकाळीच तिचा फोन आला. मी घेतला.

"सर, हिरवा लाइट लागून राहिला, पण सर्व्हर उघडूनच नाही राहिलं."

मला कारण माहीत होतं. मी सबनीसांकडे पाहिलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "राउटर घेऊन या म्हणावं."

"सर, ती अकोल्याला आहे."

"ऐकलं मी."

मी तिला ते सांगितलं. ती मग म्हणाली, "राउटर मामांचा आहे जी. केबलवाल्यानं लावला, त्याचा पासवर्ड त्याच्यापाशी."

सबनीसांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "वानखेडेबाई, मग केबलवाल्याला सोबत घेऊन या," म्हणाले आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून, "घरही चुकलंय आणि भाषाही," असं पुटपुटले. मी हसलो नाही, पण चेहरा हसरा केला. एवढं मला नीट आठवतं.

ती चार दिवस फोन करत होती. दिवसातून तीनदा, वडिलांना भेटायच्या वेळा सोडून. काम पोचत नव्हतं. चौथ्या दिवशी मॅनेजरनं तिला शेवटच्या इशाऱ्याची एक ओळीची ईमेल पाठवली. आणि पाचव्या दिवशी सकाळी नऊ वाजता ती ऑफिसच्या दारात उभी होती. रात्रभर ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसून आली होती, केस तसेच, पायात घरातली चप्पल. हातातल्या कापडी पिशवीत मामांचा राउटर. भिंतीवरून स्क्रूसकट उचकटला होता, मागे प्लास्टरचा तुकडा चिकटलेला होता. म्हणाली, "सर, दहा मिनिटांचं काम आहे ना? साडेदहाची गाडी मिळते."

सबनीसांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "साडेअकरा."

मी म्हणालो, "सर, मी करतो पटकन."

"टाचणी माझ्याकडे आहे," ते म्हणाले. खरोखरच ती त्यांनी स्वेटरला लावली होती.

ती बाकावर बसून राहिली. मी तिच्यासाठी चहा आणला, तो तिनं घेतला नाही. साडेअकराला सबनीसांनी तिची पिशवी आत घेतली. तीन मिनिटं लागली असतील. ते स्टिकर लावत होते तेव्हा बाहेर तिचा फोन वाजला. मी दारात उभा होतो, मला तिचा चेहरा दिसत होता. ती फोन तसाच कानाला धरून खाली बसली, बाकावर नव्हे, जमिनीवर.

मी आत येऊन सांगितलं, "सर, तिचे वडील गेले."

सबनीसांच्या हातात राउटर होता. वर सदुसष्ट नंबर. त्यांनी तो टेबलावर ठेवला, रजिस्टर पुढे ओढलं, नुकतंच लिहिलेलं 'वानखेडे' वाचलं. "मग आता हा लागणार नाही," म्हणाले, आणि पट्टी धरून लाल रेघ मारली.

तिला ऑफिसातल्या दोघींनी मिळून रिक्षात बसवलं. पिशवी कुणाच्या लक्षात राहिली नाही. राउटर सबनीसांच्या कपाटातच राहिला. प्रोबेशन संपल्याचं पत्र तिला वाशीमच्या पत्त्यावर गेलं. तिनं उत्तर दिलं नाही आणि आमच्यापैकी कुणी फोन केला नाही. तिचा नंबर माझ्याकडे होता.

यानंतर दीड वर्षांनी सबनीसांच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला. मूलबाळ नव्हतं, जवळचं कुणी नव्हतं. जन्मात रजा न घेतलेला माणूस हॉस्पिटलातल्या खोलीत लॅपटॉप मांडून बसला. तिसऱ्या दिवशी काही कागदांवर सह्या हव्या होत्या म्हणून मी गेलो. वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं. सबनीस त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत होते, अगदी सावकाश. मी तसे हात त्यांचे कधी पाहिले नव्हते.

मग ते लॅपटॉपकडे वळले. मी सहज डोकावलो आणि हॉस्पिटलच्या वायफायचा नंबर दिसला. तीच मालिका, कारखान्यातली. मी म्हणालो, "सर, इथं चालणार नाही. हॉस्पिटलचा राउटर कसा आणणार?"

त्यांनी पासवर्ड टाकला. हिरवा दिवा लागला. त्यांनी एक काळी खिडकी उघडली, तीत एक ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. ऑफिसचा सर्व्हर समोर उघडला. मी ती ओळ वाचली. सर्व्हरचा तेवढा एक पत्ता घरात शोधू नकोस, वाटेनं ऑफिसला पाठव, एवढंच तीत लॅपटॉपला सांगितलं होतं. त्यासाठी मशीनचा एक पासवर्ड लागायचा, आणि तो सगळ्या लॅपटॉपना सबनीसांनीच घातलेला होता. अकोल्याला फोनवर सांगितला असता तर दोन मिनिटांचं काम.

"हे कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी प्राथमिक शाळेतला प्रश्न विचारला होता. "सांगितलं असतं तर लोकांनी घरं बदलली असती का?" आणि मग, "तो कापूस ओला करून दे जरा."

मी कापूस ओला करून दिला. घरी जाताना म्हात्रे पुलावर गाडी बाजूला घेऊन थांबलो. मला भयंकर राग आला होता, आणि रागाच्या आत दुसरंही काही हललं होतं. त्याचं नाव मी तेव्हा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एमडींच्या केबिनमध्ये गेलो. फळ्यावर दोन घरं काढली, सगळं समजावून सांगितलं, ती ओळही दाखवली. वानखेडेचं नाव शेवटी घेतलं. एमडी फळ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं लोक पिशव्या घेऊन यायचे ते...?"

"हो सर."

"हे बाहेर बोलू नका. कंपनीचं हसं होईल." मग त्यांनी विचारलं, "सबनीसांशिवाय हे सगळं चालवेल कोण?"

मी म्हणालो, "मी चालवीन." विचार करायला मला वेळ लागला नाही.

ठरलं असं की गुरुवारी अकरा वाजता एमडी त्यांना फोन करून राजीनामा मागतील. दहाला मी त्यांची वाट बंद केली. आधी दार, मग निरोप. दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"माझं लागत नाहीये," सबनीस म्हणाले. मागे हॉस्पिटलातल्या ट्रॉलीचा आवाज येत होता. "इंटरनेट आहे. पासवर्ड बरोबर आहे. सर्व्हर चालू आहे ना?"

"चालू आहे."

"बाकीचे आत आहेत?"

"चव्वेचाळीस जण आहेत."

ते जवळून लांब जात होते, मला शिकवलं होतं तसं. आता पुढे काही उरलं नव्हतं. मी फोन ठेवू शकलो असतो. पण मी म्हणालो, "सर, ऑफिस बरोबर आहे."

"रजिस्टरमध्ये वेळ लिहिलीस?"

"लिहिली. दहा वाजून दोन मिनिटं."

"ते घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे. दहा लिही." आणि फोन बंद झाला.

महिन्याभरानं ते शेवटचे ऑफिसात आले. सोमवार होता. कंपनी सोडणाऱ्यानं राउटर आणून दाखवायचा हा नियम अजून कागदावर होता आणि मी त्यांना तसा कागद पाठवला होता. पाठवायची गरज नव्हती. ते अकराला आले, अंगात तो राखाडी स्वेटर, हातात कापडी पिशवी. बाकावर आणखी तिघं होते, त्यांच्या मांडीवरही पिशव्या. मी दार उघडून पाहिलं, घड्याळाकडे बोट दाखवलं आणि दार लावून घेतलं. आत करण्यासारखं काही काम नव्हतं. अर्धा तास मी खुर्चीत बसून राहिलो.

साडेअकराला ते आत आले. मी "बसा" म्हणालो नाही. राउटर घेतला, टाचणी खुपसली, दोन नंबरचा स्टिकर नखानं खरवडून काढला. तो नीट निघाला नाही, खाली डिंक राहिला.

"वहिनी कशा आहेत?" मी विचारलं.

"उजवी बाजू गेली. घरी आणलंय." ते कपाटाकडे बघत होते. "बाहेर लोक पिशव्या घेऊन बसलेत."

"हो."

"ऑफिसचे नंबर बदलले नाहीत आपण?" मला त्यांनी आपण म्हटलं.

"एमडी म्हणाले, सावकाश करू. एकदम बदललं तर लोक विचारतील."

"विचारतील." त्यांनी मान हलवली. "ती ओळ सांगितली लोकांना?"

मी रजिस्टर पुढे ओढलं.

"आणि वानखेडेबाईंना कळवलंत? की चूक त्यांच्या घराची नव्हती?"

"नाही."

सबनीसांनी कपाट उघडलं. तळाच्या खणातून सदुसष्ट नंबरचा राउटर काढला, प्लास्टरचा तुकडा अजून मागे चिकटलेला, आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "मी तिला छळलं ते माझी चूक झाकायला," ते म्हणाले, नेहमीच्या आवाजात. "आपण मला घालवलंत ते तिच्यासाठी असं मी धरून चाललो होतो. मला बरं वाटत होतं त्यात." मग खिशातून स्टीलची पट्टी काढून रजिस्टरवर ठेवली. "रेघ सरळ मारा. आपला हात हलतो."

ते आपली पिशवी घेऊन बाहेर पडले. मी खिडकीशी गेलो. खाली औषधांच्या दुकानातून त्यांनी काहीतरी घेतलं, पिशवीत राउटरच्या शेजारी ठेवलं, स्वेटर काढून घडी घातली, तीही पिशवीतच ठेवली, आणि बसथांब्याच्या दिशेनं चालत गेले. स्वेटरशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. एकदाही त्यांनी वर पाहिलं नाही.

मी परत जागेवर आलो, पट्टी धरली आणि दोन नंबरवर रेघ मारली. ती हललीच. मग दार उघडलं. बाकावरचा पहिला मुलगा उठला, नवीन होता, पिशवी सावरत म्हणाला, "सर, हिरवा लाइट येतोय पण सर्व्हर ओपन होत नाहीये. माझं काय चुकतंय?"

सदुसष्ट नंबरचा राउटर टेबलावरच होता. मी तो उचलून कपाटात ठेवला, तो अजूनही माझ्याकडेच आहे. मुलाच्या हातातली पिशवी घेतली.

"ऑफिस बरोबर आहे," मी म्हणालो. "तुमचं घर चुकलंय."